ओहेरबाईंचा मूळपुरुष

नेदरलँड्समधल्या न्यूनेनला मी राहायला गेलो तो एका वाचनातल्या चुकीमुळे, आणि चूक सर्वस्वी माझी होती. फेल्डहोवनच्या चिपमशीनवाल्या कंपनीत नोकरी लागली होती, हॉटेलमधली मुदत संपत आली होती आणि राहायला जागा काही मिळत नव्हती. अशात एका सहकाऱ्याने पत्ता पाठवला. वरच्या मजल्यावरची खोली, स्वतंत्र न्हाणीघर, मालकाचं आडनाव रोमन लिपीत ओ, एच, ई, ई, आर. ते वाचलं आणि माझा जीव भांड्यात पडला. आहेर! नाशिककडची मंडळी दिसतायत. ‘ए’चा ‘ओ’ कुणा अंकशास्त्रवाल्याने करायला लावला असेल आणि एक ‘ई’ भरभराटीसाठी जास्तीची घातली असेल. आपल्याकडे लोक त्यापायी काय काय करतात, ते मला माहीत होतं.

मग मी वाटेत मिठाईच्या नावाखाली जे मिळालं ते घेतलं, सायकल कुंपणाला टेकवली, घंटी वाजवली आणि दार उघडल्या उघडल्या, समोर कोण आहे ते न बघताच अर्धा वाकून म्हणालो, “नमस्कार! आहेर काका आहेत का?”

समोर रबरी बूट घातलेल्या, माझ्यापेक्षा वीतभर उंच, सत्तरीच्या पुढच्या डच बाई उभ्या होत्या. हातात खुरपं. मला पळून जावंसं वाटलं. बाई म्हणाल्या, “ते नाव परत एकदा म्हण.” मी घाबरत म्हटलं, “आहेर.” बाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, “खोली तुझी.”

कारण मला पुढे कळलं. त्यांचं आडनाव ओहेर, आणि डच भाषेत ‘ओ हेर’ म्हणजे ‘हे प्रभो!’ शाळेत हजेरी घेताना मास्तरांनी नाव पुकारलं की अख्खा वर्ग हात जोडायचा. बँकेत, दवाखान्यात, नगरपालिकेत नाव सांगितलं की समोरचा ओठ दाबून धरायचा. उभ्या आयुष्यात न हसता, उलट वाकून, त्यांचं नाव आदराने घेणारा पहिला माणूस मी होतो. आमच्याकडे आहेर म्हणजे लग्नात देतात ती भेट, असं मी त्यांना नंतर सांगितलं, तर त्या फारच खूश झाल्या. ‘घरचा आहेर’ म्हणजे काय हे सांगण्याइतकं डच मात्र मला आजही येत नाही, म्हणून तो विषय मी तिथेच थांबवला.

बाई निवृत्त जीवशास्त्राच्या शिक्षिका. मूलबाळ नाही, नवरा कधीच वारलेला. त्यांना एकच वेड होतं, आणि ते म्हणजे हे माहेरचं आडनाव. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ‘ओहेर’ हे आयर्लंडमधल्या एका जुन्या कुळाचं नाव. त्या कुळातला कुणी शिपाई दोनएकशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे ब्राबांत प्रांतात आला, इथल्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं नाव लिहून टाकलं आणि हा शिपाईगडी इथेच राहिला. तो सहा फुटी होता, तांबड्या केसांचा होता आणि सुंदर गायचा, असं बाई सांगायच्या. हे त्यांना कुणी सांगितलं असं विचारलं तर म्हणायच्या, “दिसतंच ना!” आणि स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवायच्या.

आता त्या डोक्याची गोष्ट अशी, की ते पांढरं होतं. एकदा त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे केस तांबडे करायला बायका काय लावतात? मी आइंडहोवनच्या इंडियन दुकानातून मेंदीचं पाकीट आणून दिलं आणि किती वेळ ठेवायची ते आत्मविश्वासाने चुकीचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाई भगव्याच्या आसपासचं डोकं घेऊन खाली आल्या आणि आरशात बघून म्हणाल्या, “आता कसं, कुळातली वाटते!” तेव्हापासून बाईंचं आयरिशपण दर दोन महिन्यांनी मीच पाकिटातून पुरवत असे.

त्यांना माणसाच्या पहिल्या नावात काडीचा रस नव्हता. “पहिलं नाव आईबाप ठेवतात, आवडलं म्हणून. त्यात काय आहे? आडनाव सांग.” पोस्टमनला, प्लंबरला, माझ्या ऑफिसच्या मॅनेजरला, सगळ्यांना हाच प्रश्न. सायकलवरून जातानाही बाई रस्ता बघायच्या नाहीत, घरांवरच्या पाट्या वाचायच्या. दोनदा कालव्यात जाता जाता वाचल्या.

आणि रविवारी दफनभूमी. इथे कबरीच्या जागेला मुदत असते. नातेवाइकांनी मुदत वाढवली नाही तर दगड उचलतात आणि जागा दुसऱ्याला देतात. बाईंना हे मुळीच मान्य नव्हतं. त्या ब्रेड-चीजचा डबा घेऊन दर रविवारी गावोगावच्या दफनभूम्या पालथ्या घालायच्या आणि दगड उचलले जायच्या आत त्यांच्यावरची नावं मोठ्याने वाचून काढायच्या. मी म्हटलं, हे सगळं आता इंटरनेटवर मिळतं. तर म्हणाल्या, “मेलेली माणसं फोन घेत नाहीत. आपणच जावं लागतं.” मीही जायचो. गावी असताना मसणवट्याच्या रस्त्यावरून दिवसाढवळ्याही न जाणारा मी, इथे कुणाच्या तरी पणजोबांच्या उशाशी बसून पोळीभाजी खायचो आणि बाईंना लोणच्याची बाटली द्यायचो. माणसाला घरभाडं कमी असलं की कशाचीही सवय होते.

एवढ्या आडनाववेड्या बाईंच्या घरात राहायला कोण गेला? तर मी. आडनाव विचारलं की जो विषय बदलतो असा माणूस.

आता हे आपल्या वाचकाला काय समजावून सांगायचं? ‘आडनाव काय तुमचं?’ हा प्रश्न आपल्याकडे कशासाठी विचारतात, हे मला कळायला लागलं तेव्हा मी चौथीत होतो. माझं आडनाव ‘कर’ने संपतं. म्हणजे वरवर बिनधोक. तरी विचारणारे कसलेले असतात. ‘म्हणजे मूळचे कुठले?’ ‘म्हणजे कोणते?’ ‘गाव कोणतं, गल्ली कोणती?’ मग मी हवापाण्यावर येतो, क्रिकेटवर येतो, कधी कधी खोकतो. ही विद्या मी इतकी घोटली आहे, की आइंडहोवनच्या मराठी मंडळात दोन वर्षं गणपतीची वर्गणी देऊनही मी नेमका कोण हे कुणाला सांगता येणार नाही. आडनाव इथे लिहीत नाही, कारण मग तुम्हीही विचाराल.

बाईंना ‘कर’ म्हणजे त्या त्या गावचा, एवढंच मी सांगितलं आणि फसलो. “म्हणजे आमच्या ‘फान’सारखं! अमुक गावाहून आलेला!” त्या दिवसापासून मी ‘मिस्टर फान’ झालो. “मग ते गाव बघितलंस का? कोण राहतं तिथे तुमचं? चर्चच्या वह्या कुठे आहेत?” मी म्हटलं, आमच्याकडे चर्च नव्हतं. “मग देवळाच्या?” मी म्हटलं, देवळात आम्हाला... आणि मला खोकला आला.

एकदा माझा पुण्याचा एक सहकारी जेवायला आला. बाईंनी जिन्यातच त्याला आडनाव विचारलं, आणि तो पठ्ठ्या नुसतं आडनाव सांगून थांबला नाही, तर त्याने मोबाइलवर अख्खा कुलवृत्तांत उघडला. जाडजूड ग्रंथ, शाखा, उपशाखा, कोण कुठल्या सालात इंदूरला गेला, कोण निपुत्रिक, आणि सगळ्यांच्या वर, पहिल्या पानावर, कुळाचा मूळपुरुष. “हे काय? मूळपुरुष?” बाईंनी विचारलं. “ज्याच्यापासून आमचं नाव सुरू झालं तो पहिला माणूस,” सहकारी म्हणाला. बाई पुटपुटल्या, “मूलपुरूस.” आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आणि तुमचा ग्रंथ?”

“आमचा अजून छापायला गेलेला नाही,” मी म्हणालो आणि भात वाढायला उठलो. खरं सांगतो, त्या दिवशी मला त्या सहकाऱ्याचा राग आला. बिचाऱ्याने काही केलं नव्हतं. त्याचा मूळपुरुष छापील होता, एवढंच.

‘मूलपुरूस’ हा शब्द मात्र बाईंच्या तोंडी बसला. “मला माझा मूलपुरूस बघायचाय. एकदाच. आणि त्याला विचारायचंय, बाबा रे, परक्या मुलखात येऊन हे नाव तू कसं सांभाळलंस?” हे बाई इतक्या मनापासून म्हणायच्या, की ते तांबडे केस पाकिटातले आहेत हे मीही विसरून जायचो.

आणि मग ते जमून आलं. आयर्लंडमधल्या त्या कुळाची एक संघटना सापडली. ते लोक दर दोन वर्षांनी कुठे ना कुठे कुलसंमेलन भरवत. बाईंनी त्यांना इतकी पत्रं लिहिली, की शेवटी त्यांनी यंदाचं संमेलन न्यूनेनलाच भरवायचं ठरवलं. डच शाखेला कुळात रीतसर घ्यायचं, असं त्यांच्या अध्यक्षांनी कळवलं. फक्त एक छोटीशी गोष्ट: घराण्यातल्या एखाद्या पुरुषाची थुंकी डीएनए तपासणीला पाठवा. औपचारिकता म्हणून.

बाईंचा एकच चुलतभाऊ हयात होता. डुकरं पाळायचा. तो म्हणाला, मला कसलंही कूळ नको. बाईंनी त्याला सफरचंदाचा केक खाऊ घालून नळीत थुंकायला लावलं. मी साक्षीदार होतो आणि केकचा वाटेकरीही.

बॅनरचं काम माझ्याकडे होतं. ऑफिसात मी कोट्यवधींच्या मशीनचं सॉफ्टवेअर लिहितो, तेव्हा एक बॅनर काय, असं वाटून मी रात्रीत ऑर्डर दिली. ‘ओहेर’च्या मूळ आयरिश रूपात ‘ओ’नंतर जागा असते हे मला बाईंनीच शिकवलं होतं, म्हणून मी मोठ्या अक्कलहुशारीने जागा सोडली. बॅनर आला, संमेलनाच्या हॉलच्या दारावर लागला: ‘वेलकम ओ हेर’. डच माणसाने वाचलं तर: ‘सुस्वागतम, हे प्रभो!’ दुपारपर्यंत गावात चर्चा सुरू झाली, की कुणीतरी नवा पंथ आलाय. संमेलनाच्या सकाळी एक वृद्ध जोडपं खरोखरच प्रार्थनेची पुस्तकं घेऊन आलं आणि सूप संपेपर्यंत प्रभूची वाट बघत बसलं.

पण त्याच्या दोनच दिवस आधी तपासणीचा निकाल आला होता.

मी कामावरून आलो तेव्हा बाई स्वयंपाकघरात गाजरं चिरत होत्या. संमेलनाच्या सुपाची तयारी. मान न वळवता म्हणाल्या, “मी ब्राबांतची आहे. पूर्णपणे.” मी आनंदाने म्हटलं, “अरे वा! अभिनंदन!” मला वाटलं, काहीतरी चांगलंच असणार. बाईंनी सुरी खाली ठेवली. मग मला सगळं नीट समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. चुलतभावाचं रक्त आयरिश कुळाशी कुठेच जुळत नव्हतं. ते इथलंच होतं, आजूबाजूच्या गावांतलं, सायकलवर जाऊन येण्याइतक्या अंतरावरचं. म्हणजे शिपायाच्या घरात कुणीतरी इथलंच पोर होतं. सावत्र असेल, सापडलेलं असेल, चाकरीला असेल. त्याने ते नाव लावलं. सहा फुटी, तांबड्या केसांचा, गाणारा शिपाई बाईंचा कुणीही नव्हता.

मी ‘अभिनंदन’ म्हणालो होतो. जमिनीने मला पोटात घ्यायला हवं होतं, पण इथली जमीन आधीच समुद्राच्या खाली, तिने तरी काय करावं!

संमेलन रद्द करता येत नव्हतं. विमानं ठरलेली, गाजरं चिरलेली. बाईंना अजूनही आशा होती, की माणसं चांगली आहेत, चालवून घेतील. आयरिश माणसं चांगली होतीच. दारात अध्यक्ष उभे होते, निवृत्त दंतवैद्य, हसतमुख, हातात बिल्ल्यांचा डबा. कुळातल्यांना हिरवा बिल्ला, स्नेही मंडळींना पांढरा. बाई समोर आल्या. नवा निळा ड्रेस, ताजी मेंदी. अध्यक्षांचा हात हिरव्याकडे गेला, थांबला, आणि त्या भल्या माणसाने फार हळुवारपणे, माफी मागत, पांढरा बिल्ला काढून बाईंना लावला. मग मला. तोही पांढरा.

मी समजूत घालायला म्हणून म्हटलं, “चला, आपण दोघं एका संघात!” काही वेळा माझं तोंड शिवून ठेवलं पाहिजे. बाई हसल्यासुद्धा. मग दिवसभर त्या वाढत राहिल्या. सूप, ब्रेड, कॉफी. लोक म्हणत होते, अहो बसा ना. पण हॉल त्यांनी घेतलेला, सूप त्यांनी केलेलं, आणि शाखांची नावं पुकारली गेली तेव्हा बाई किटली घेऊन मागच्या भिंतीला उभ्या होत्या. न्यूनेनचं नाव पुकारलं गेलं नाही. मला इतका संताप आला, की मी ताटल्या विसळायला निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाई दफनभूमीत गेल्या नाहीत. मी खाली आलो तर त्या टेबलाशी बसलेल्या, समोर तो पांढरा बिल्ला.

“सगळा जन्म,” त्या म्हणाल्या, “चोरीची सायकल चालवली मी. आणि लोकांना सांगत फिरले, की ही आजोबांची आहे.”

ते ऐकून मला काय झालं कोण जाणे. खोकला आला नाही. मी म्हटलं, “मग माझीही चोरीचीच. माझं आडनाव ज्या गावाचं आहे, त्या गावाशी आमचा काही संबंध नाही.”

“किती पिढ्या?”

“मी दुसरा.”

“दुसरा?” बाई वळल्या. “मग पहिला?”

“पहिला आत्ता चहा पीत असेल.” मी घड्याळ बघितलं आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

आमचे बाबा मोबाइल असा धरतात, की आधी पंखा दिसतो, मग कपाळ. पण कपाळ दिसताच बाई खुर्चीतून उठल्या. रबरी बुटांच्या, सत्तरी उलटलेल्या त्या बाई माझ्या बाबांच्या कपाळासमोर ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मूलपुरूस.”

“जय भीम,” बाबा म्हणाले. “काय म्हणतायत रे बाई?”

“जय भीम,” बाईंनीही म्हटलं आणि मला म्हणाल्या, “विचार. हेच नाव का घेतलं?”

मी विचारलं. बाबा माझ्याशी हे कधी फारसं बोलले नव्हते. मीही विचारलं नव्हतं. पण परक्या बाईंनी विचारलं म्हटल्यावर ते मोकळे झाले. “अहो बाई, हे बघा. आमचं आधीचं नाव ऐकलं की पोरं सरकून बसायची. तालुक्याच्या शाळेत आठवीला नाव घालायला गेलो. एक मास्तर चांगले होते. म्हणाले, नाव लिहायचंय, काय लिहू, नीट विचार करून सांग. मला काय सुचणार? खिडकीतून एसटी दिसत होती. तिच्या पाटीवर एका गावाचं नाव होतं. मी ते सांगितलं आणि पुढे ‘कर’ लावला. त्या गावी मी अजून गेलेलो नाही.”

मी भाषांतर केलं. एसटीच्या पाटीला डचमध्ये काय म्हणतात ते येईना, हातवारे केले. बाई एकटक ऐकत होत्या. मग त्यांनी आणखी एक विचारलं. “पुढे येणाऱ्यांचा विचार केला होता का? मुलं, नातवंडं, की ती हे नाव मिरवतील?”

बाबा हसले. “छे हो! पुढच्यांचं कुठलं काय! मला त्या दिवशी वर्गात बसायचं होतं.”

हे मी सांगितलं. बाई हळूच खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “माझ्याही माणसाला कुठेतरी बसायचंच असेल.”

मी ते बाबांना मराठीत सांगितलं. हा जो कोणी पोरगा होता, त्याचीही हकिगत थोडक्यात सांगितली. बाबांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, “मग बसू द्या की त्याला.”

मी डचमध्ये शब्दाला शब्द लावला: ‘लात मार झिटन.’ बसू द्या. माझ्या लक्षात नव्हतं, की इथे रोज उठून लोक एकमेकांना हेच म्हणतात. म्हणजे सुटे पैसे राहू दे, माफी मागू नको, जाऊ दे, असू दे. ओहेरबाईंनी ऐकलं आणि त्या मोठ्याने हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. टेबलावर हात आपटत त्या म्हणत राहिल्या, “लात मार झिटन! लात मार झिटन!”

पलीकडे बाबा घाबरले. पंखा दिसला, कपाळ दिसलं. “अरे, बाई लाथ मारायला का सांगतायत? कुणाला मारायचीय?”

“कुणाला नाही, बाबा,” मी म्हटलं. “बसला तो.”